साडेपाचचा सूर्य

डर्बनच्या बंदरात क्रेन चालवणारा बोंगुमुसा संध्याकाळी साडेपाचला घरी यायचा, म्हणून प्रवाळांच्या टाकीवरचा दिवाही त्यानं साडेपाचलाच लागेल असा लावून ठेवला होता. दिवसभर टाकीत रात्र आणि तो दारात आला की सकाळ! मिटून बसलेली प्रवाळं तेव्हा कुठे बोटं उघडायची, मग तो त्यांना खाऊ घालायचा.

तो वारल्यावरही दिवा रोज साडेपाचला लागायचा आणि त्याच्या बायकोची, थेंजेकिलेची, मान आपसूक दाराकडे वळायची. तीन महिने तिनं हे सोसलं, मग नवा दिवा घ्यायला दुकान गाठलं.

"निळा देऊ की पांढरा, आंटी?" दुकानदार पिल्लेनं विचारलं. "निळ्यात प्रवाळं कशी झगमगतात बघा!"

"कुठलाही दे बाबा. फक्त सकाळी सातला लागून दुपारी तीनला विझेल असा लावून दे."

"म्हणजे अंकलनी लावलेली वेळ मोडायची?"

"तुझ्या अंकलनीच आधी मोडली."

दुसऱ्या दिवशी दिवा सातला लागला. तीनला विझेपर्यंत प्रवाळं मिटूनच बसली होती. "रुसा खुशाल!" ती टाकीला म्हणाली. संध्याकाळी ती मुद्दाम दाराकडे पाठ करून टाकीसमोर बसली. आज काही लागणार नव्हतं, मान वळणार नव्हती.


बरोबर साडेपाचला, विझलेल्या दिव्याखाली, सगळी प्रवाळं एकेक करून उघडली आणि बोंगुमुसाची वाट बघत राहिली.