पैलतीरचा गाळ

मांजरा नदीचं पाणी बोगद्यातून वळवलं, त्याला चाळीस वर्षं झाली होती. कोरड्या पात्रातल्या तंबूत ऋजुतानं गाळाचा नमुना, त्यात साठलेले जुने आवाज ऐकवणाऱ्या यंत्रात ठेवला.

"कुठल्या सालचा आवाज काढू, आजी? थर एकदाच वाचता येतो, मग त्याची भुकटी होते."

"मोठ्या पुरानंतरचा," धुरपदाबाई म्हणाल्या. "तवा ह्यांची होडी नवी होती. मी अल्याडून हाक मारायची, हे पल्याडून म्हणायचे, 'आलो गं!' हे गेल्यापासून तेवढंच ऐकायचंय."

यंत्र घरघरलं. आधी पाण्याची खळखळ आली. मग एक कोवळा, ठणठणीत आवाज उमटला, "ओ होडीवाले! भाकर निवायली!"

"अगं बया, ही मीच की!" धुरपदाबाई लाजल्या. "नवऱ्याला नावानं कसं बोलवावं, म्हणून होडीवाले."

पुढे नुसतं पाणी वाहत राहिलं. थर संपला.

"हे बोललेच नाहीत?"

"बोलले असतील, आजी. पण त्यांचा आवाज पैलतीराच्या गाळात उतरला असणार."

"तिथला गाळ तर वीटभट्टीला गेला." धुरपदाबाई थबकल्या. "आमचं घर त्याच विटांचं हाय!"

भाजलेल्या विटेत आवाज उरत नाही, हे ऋजुताला ठाऊक होतं. पण ती सांगेपर्यंत धुरपदाबाई वाटेला लागल्या होत्या.

संध्याकाळी ऋजुताची गाडी त्यांच्या दारावरून चालली होती. धुरपदाबाई भिंतीला कान लावून बसल्या होत्या. तिला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

ऋजुतानं गाडी बंद केली.