तेवढ्यात भागेल

“बाई, भागलं की आकडा लहान व्हायला हवा. मोठा कसा होतो?” सहावीतल्या गौतमीने विचारलं.

फळ्यावर ३० ÷ ०.५ होतं. उत्तर साठ सांगूनही कुणाला पटत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, “समजा, तीस गोळ्या आहेत. रोज एक घेतली तर तीस दिवस जातील. रोज अर्धीच घेतली तर?”

“साठ दिवस पुरतील,” सगळ्यांच्या आधी गौतमीच म्हणाली. मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

तीन आठवड्यांनी पाणी शेंदताना तिच्या वडिलांना फिट आली. ते विहिरीत पडले आणि बुडून वारले. मी भेटायला गेले. “फिटच्या गोळ्या चालू होत्या ना?” मी तिच्या आईला विचारलं.

“रोज देत होते की. घरात तीसच गोळ्या उरल्या होत्या, दवाखान्यात पुढच्या गोळ्या दोन महिन्यांनी येणार होत्या. पोरगी म्हणाली, बाईंनी शिकवलंय, अर्धी अर्धी दिली तर तेवढ्यात भागेल.”

गौतमीने फडताळातून उरलेल्या गोळ्या आणून माझ्या हातावर ठेवल्या.

“मोजून बघा, बाई,” ती म्हणाली. “बरोबर साठ दिवस भागलं असतं.”