अमावास्येची भरती

सकाळी अकराला सोसायटीची पंधरा-वीस माणसं जेसीबी घेऊन खाडीच्या बांधावर आली, तेव्हा इनेझ डाबरे उघाडी तपासत होती. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातलं फळ्यांचं दार. ओहोटीला उघडायचं, भरतीला लावायचं.

सगळ्यांच्या पुढे सेक्रेटरी चंद्रहास होता. सोसायटीच्या तळमजल्यावर तीन दिवस गुडघाभर पाणी होतं, आणि ते कुणामुळे साचलं याचा शोध त्याने मोबाइलवर लावला होता.

"आंटी, बाजूला व्हा. हा बांध आज जाणार."

"कुठे जाणार?"

"तोडणार. पोर्तुगीजांचा बांध आहे हा. त्यांनी पाणी अडवलं, आणि आपण अजून त्यांची गुलामी करतोय."

मागून कुणीतरी घोषणा दिली. चौघांनी साथ दिली. बाकीचे शूटिंग करत होते.

इनेझने हाताचा चिखल लुगड्याला पुसला.

"इथून पोर्तुगीजांना जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली. हा माझ्या सासऱ्याने घातलाय, गावातली चाळीस माणसं घेऊन. तुम्ही राहता तिथे खाजण होतं. पावसाचं पाणी तिथे थांबायचं. तुमच्या बिल्डरने भराव टाकला. आता त्या पाण्याने राहायचं कुठे?"

"तुम्हाला बोलायला काय जातं? तुमचं शेत आहे."

"शेतातही पाणी आहे. भाताला चालतं. तुमच्या सोफ्याला चालत नाही." मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आज अमावास्या आहे. साडेबारापर्यंत भरती चढणार. तीनला खाडी उतरली की मीच उघाडी उघडते. चार तास थांबा."

"चार तास!" चंद्रहास लोकांकडे वळून हसला. "ह्या गाववाल्यांचं असंच असतं."

कामणहून आलेला जेसीबीवाला खाली उतरला आणि बांधाच्या दोन्ही अंगांना वाकून बघून आला.

"साहेब, पानी भायेरच्या बाजूला वर हाय."

"तू इंजिनिअर आहेस का?"

"नाय."

"मग तोड."

तिसऱ्या घासाला बांध सुटला. टाळ्या पडल्या. मग पाणी आलं. ते बाहेर गेलं नाही, आत आलं. आधी हातभर, बघता बघता दहा हात रुंद, खारं, काळा चिखल उपसत. आवणीला आठ दिवस झालेली इनेझची रोपं आडवी झाली, मग दिसेनाशी झाली. टाळ्या वाजवणारे सोसायटीकडे पळाले. कुणी पळता पळताही शूटिंग करत होतं.

चंद्रहासचा फोन वाजला. बायको, आशालता, इतकी ओरडत होती की इनेझलाही ऐकू आलं. पाणी कमरेला लागलं होतं. फ्रिज आडवा झाला होता.

"मावशी," तो म्हणाला, "आता काय करायचं?"

इनेझ शेताकडे बघत होती. खारं पाणी शिरलेल्या जमिनीत तीन-तीन वर्षं भात धरत नाही. ती अडुसष्ट वर्षांची होती.

"तीनला या. पाणी उतरलं की भगदाड बुजवू. फावडी आणा."

"तुम्ही जरा जोर देऊन सांगायला हवं होतं, मावशी," असं म्हणून तो पळाला.

तीन वाजता गावातली नऊ माणसं आली. सोसायटीतून एकटा चंद्रहास आला. फावडं नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, नुकसानभरपाईचा एक टाइप केलेला अर्ज होता, वर तहसीलदारांचं नाव.

"खाली तुमची सही हवी. गावातलं माणूस म्हणून. तेवढंच वजन पडतं."

इनेझने हात धुतले आणि कागद उन्हाच्या तिरिपेत धरून सावकाश वाचला. उधाणाच्या भरतीत खाडीचा जुना बांध फुटला, असं त्यात लिहिलं होतं.

तिने त्याच्याकडून पेन मागून घेतलं. 'फुटला' खोडून त्यावर स्वच्छ अक्षरात 'फोडला' लिहिलं, आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.