तीन विरुद्ध एक

मैत्री मला 'नाही' म्हणाली. तसं काही झालंच नाही, असं धरून पुढे वाचा. कोथरूडच्या क्लासमध्ये आम्ही एकाच बाकावर स्पॅनिश शिकलो. मग ती नोकरीसाठी लिस्बनला गेली आणि पोर्तुगीज बोलायला लागली. काल व्हिडिओ कॉलवर मी स्वतः केलेल्या चकल्यांचा डबा दाखवला आणि लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "तू ना, एस्किझितो आहेस. चकल्या तूच खा." पोर्तुगीजमध्ये एस्किझितो म्हणजे विचित्र. स्पॅनिश, इटालियन, फ्रेंचमध्ये मात्र याच शब्दाच्या भावंडांचा अर्थ लाजवाब. आमच्या सोसायटीत तीन विरुद्ध एक म्हणजे ठराव मंजूर. म्हणून मी लाजवाब ठरलो. सूचक मी, अनुमोदक मीच. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तरी चकल्या सादळण्यापूर्वी पोर्तुगाल सरकारने बहुमताचा मान राखून सदर शब्दाचा अर्थ बदलावा, ही नम्र विनंती.