लॅपटॉप उघडेपर्यंत

बटण दाबून मी गॅसवर नागलीची पेज ठेवायचे. ह्यांचा जुना लॅपटॉप उघडेपर्यंत ती शिजून व्हायची. तोवर माझी तान्ही दक्षा त्या काळ्या पडद्यासमोर झोळीत पडून खुदुखुदु हसायची.

माझ्याकडे बघून ती तशी कधीच हसली नाही. मला हेवा वाटायचा. म्हणूनच, तो काळा पडदा लवकर उजळावा यासाठी, तलासरीहून उमेशभावजींना बोलावलं.

“वहिनी, सुरू होतानाच नको ते सगळे प्रोग्राम उठत होते. बंद केले. आता तुमची पेज कच्ची राहणार!”

खरंच, लॅपटॉप लगेच उघडू लागला. पण दक्षा हसेना. छातीशी घेतलं की तोंड फिरवायची. भुकेने रडायची, तरी माझं दूध घेईना.

काल दुपारी मी हरले. लॅपटॉप बंद केला, तिला मांडीवर घेऊन समोर बसले.

“बघ ना बाय, इथे मीच आहे.”

ती शांत झाली. काळ्या पडद्यात खरोखर मीच दिसत होते. पदराआड दक्षाला पाजत होते, तिच्याकडे बघून हसत होते.

मी खाली पाहिलं. दक्षा माझ्याकडे पाठ करून बसली होती, आणि तिच्या गळ्यातून घुटके घेतल्याचा आवाज येत होता.