मऊरानीपूरचं गिऱ्हाईक

"ज्या दिवशी बाईच्या हाती पाना येईल, त्या दिवशी या देशाची गाडी रुळावर येईल!" सीपरी बाजारातल्या हरदयाल उस्तादांच्या गॅरेजात, उजवा हात उंचावून, अनुसूयाबाईंनी जाहीर केलं.

"बहनजी," उस्ताद म्हणाले, "वो प्लास है. पाना उधर टंगा है."

अनुसूयाबाईंनी पक्कड ठेवली आणि पाना घेतला. एवढ्यातेवढ्यानं विझणारा हा उत्साह नव्हता. दिवाळीपासून रोज दुपारी त्या इथे शिकायला येत होत्या आणि आज परीक्षा होती. सासऱ्यांची काळी मोटार बॉनेट वासून समोर उभी होती. मऊरानीपूरचे धान्याचे एक सेठजी आज ती विकत न्यायला येणार होते. ते गॅरेजात पाऊल टाकायच्या आत मोटार सुरू झाली तर ती घरात राहील, नाही झाली तर त्यांची. असा शब्द यजमानांनी, म्हणजे मार्तंडरावांनी, दिला होता. देताना ते अगदी निर्धास्त होते. सासरे गेल्यापासून मोटारीनं हूं की चूं केलं नव्हतं. तरी खात्री असावी म्हणून कचेरीतून अर्धी रजा टाकून ते आले होते आणि गॅरेजातल्या एकुलत्या एका स्टुलावर बसले होते.

साडीवर अनुसूयाबाईंनी मार्तंडरावांचा जुना शर्ट चढवला होता. चाकामागे वीट लावली. हँडब्रेक ओढून पाहिला. बॅटरीची तार सोडवली. उस्तादांचे नियम त्यांना रामरक्षेसारखे पाठ होते. मग त्या वाकल्या आणि पॉइंट घासायला लागल्या. ठिणगी इथेच अडत्येय, असं त्यांनी कालच ठामपणे सांगितलं होतं.

"उस्ताद! कार्बन! हे बघा, केवढा कार्बन!" एखाद्याला विहीर खणताना हंडा सापडावा, तशा त्या ओरडल्या.

"अच्छा है. तार लगाइए." उस्ताद जवळ आले आणि थांबले. "गले में क्या लटक रहा है?"

"मंगळसूत्र आहे. आत खोचते की."

"झुकेंगी तो फिर बाहर आएगा. उतारिए. फॅन बेल्ट को सुहाग-वुहाग से कोई मतलब नहीं."

अनुसूयाबाईंच्या घरी सोनाराकडे मंगळसूत्र गाठवायला दिलं तरी तेवढ्या वेळापुरतं दोऱ्यात हळकुंड बांधत. पण उस्तादांनी मानेनंच सांगितलं, हळदही लटकणार नाही. त्यांनी भिंतीवरचा एक खिळा दाखवला.

"खिळ्याला?" मार्तंडराव ताडकन उठले. "अगं, मी जिवंत आहे अजून!"

"तेच म्हणते मी," असं म्हणून अनुसूयाबाईंनी मंगळसूत्र काढलं आणि सरळ त्यांच्या गळ्यात घातलं. "ज्याच्यासाठी घालते त्याच्याजवळ राहू दे. आता आत बसा, आणि मी सांगेन तेव्हा किल्ली फिरवा."

मार्तंडराव मोटारीत पुढच्या सीटवर जन्मात पहिल्यांदाच बसले. त्यांनी कॉलर वर केली. त्यानं काही झाकलं गेलं नाही, उलट दोन्ही वाट्या नीट मधोमध आल्या.

"फिरवा!"

घर्र, घर्र, घर्र. फुस्स.

"फासला ज़्यादा है," उस्ताद म्हणाले. पॉइंटमधली फट मोठी राहिली होती. आणि नेमकी तेव्हाच दारात रिक्षा थांबली. सेठजी उतरले. गळ्यात गमछा, सोन्याची साखळी, मोटारीला घालायला आणलेला झेंडूचा हार, आणि बोटागणिक एक अंगठी.

"नहीं हुई न शुरू?" त्यांनी समाधानानं विचारलं. मग त्यांची नजर मार्तंडरावांच्या गळ्याकडे गेली आणि पुढचं वाक्य राहूनच गेलं.

"आले ते," मार्तंडराव आतून म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

"कुठे आलेत? पाऊल बाहेरच आहे!" अनुसूयाबाई गरजल्या. "भैयाजी, वहीं रुकिए! लटकती हुई कोई चीज़ अंदर नहीं आएगी! अंगूठी भी नहीं!"

सेठजींनी उस्तादांकडे पाहिलं.

"नियम तो नियम है, सेठजी," उस्ताद म्हणाले. "हमने तो बहनजी को भी नहीं छोड़ा. बाबूजी को देख लीजिए."

सेठजींनी पुन्हा एकदा बाबूजींना पाहिलं आणि मुकाट्यानं गमछा सोडला. मग साखळी. मग हार. इकडे अनुसूयाबाई श्वास रोखून, केसाएवढी फट ठेवत स्क्रू आवळत होत्या. सेठजींच्या अंगठ्या एकेक करून निघाल्या. करंगळीची मात्र जाम बसली होती. त्यांनी तिला थुंकी लावली. ओढली. पिळली. निघाली! त्यांनी पाऊल उचललं—

"फिरवा!"

घर्र, घर्र... आणि मोटार खोकली, शिंकली, निळा धूर सोडून धडधडायला लागली. पत्र्यावरची कबुतरं उडाली. शेजारचा पंक्चरवाला शिट्टी वाजवत धावत आला. "झाली! झाली!" मार्तंडरावच ओरडत होते, आपण नक्की कुणाच्या बाजूचे हे विसरून. अनुसूयाबाईंनी काळ्या हातांनी टाळ्या वाजवल्या, उस्तादांना नमस्कार केला, बॉनेट खाली घेतलं, आणि अर्धवट उचललेलं पाऊल कुठे ठेवावं या विचारात उभ्या असलेल्या सेठजींकडे त्या वळल्या.

"भैयाजी, आप तो गाड़ी ले जाने ही आए थे न?" त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "ज़रा हमारे घर तक ले चलिए. चलाना हम दोनों में से किसी को नहीं आता."