शनिवारचे डबे

ओट्याखालचं कपाट उघडलं आणि सगळे डबे नणंदेच्या पायांवर कोसळले. गोल, चौकोनी, लांबट, काही झाकणासकट, काही बोडके. एक घरंगळत थेट दारापर्यंत गेला.

"वहिनी, हे घर आहे की गोदाम?"

वहिनीला हसू आलं नाही. साखर काढायची तरी आधी दहा-बारा डबे हलवावे लागत. फ्रिजवर डबे, माळ्यावर डबे, पलंगाखाली डबे. नवरा प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात झाकणं तपासायच्या कामावर होता, एकवीस वर्षं. खोट निघालेल्या डब्याच्या कडेला तिथे खाच पाडत, म्हणजे तो बाजारात जाऊ नये. असे डबे शनिवारी कामगारांनी घरी न्यायला कुणाची हरकत नसे, आणि त्याचा एकही शनिवार रिकामा गेला नव्हता. मुलगी लग्न होऊन गेली, घरात दोनच माणसं उरली, तरी डबे येतच राहिले.

दोघी फतकल मारून बसल्या. एकात एक बसतील ते रचायचे, जोडी न लागणारी झाकणं पोत्यात टाकायची, असं ठरलं. तासाभरात निम्मा ढीग उपसला. मग नणंदेचा हात थांबला. तिने चार-पाच डबे उजेडाकडे धरून फिरवून पाहिले.

"वहिनी, यांना खाच नाही."

"असेल. नीट बघ."

"नाही ना. झाकणंही घट्ट बसतायत. हा तर दुकानातला माल आहे." नणंद एवढंच बोलली आणि डबे खाली ठेवले. मग तिने मुलांच्या शाळेचा विषय काढला. चहा घेऊन ती नेहमीपेक्षा लवकर निघाली.

नणंदेची पाठ वळताच तिने एकेक डबा तपासायला घेतला. जुन्या डब्यांना खाचा होत्या. वरच्या थरातल्यांना नव्हत्या. असे एकसष्ट निघाले.

नवरा संध्याकाळी ठरल्या वेळी आला. हातपाय धुतले, जेवणाचा रिकामा डबा मोरीत ठेवला. अलीकडे त्याच्या शर्टाला वितळल्या प्लास्टिकचा वास येत नसे. नवी यंत्रं आली असतील, असं तिने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. तिने एक डबा त्याच्यापुढे ठेवला आणि यात खोट कुठे आहे, असं सरळ विचारलं.

त्याने डबा हातात घेतला. बराच वेळ तो नुसता झाकण उघडत, लावत राहिला.

"असते," तो म्हणाला. "तुला दिसत नाही."

मग आता डबे आणणं बंद करा, घरात पाय ठेवायला जागा नाही, असं तिने सांगितलं. त्यावर तो कधी चिडत नसे, पण आज त्याचा आवाज चढला. लगेच उतरलाही.

"आणू दे गं. तेवढं तरी चालू राहू दे."

त्यानंतर तो जेवला नाही. भूक नाही म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

एकवीस वर्षांत या माणसाने कुणाची टाचणी उचलली नव्हती. भाजीवाल्याने चुकून जास्त सुटे दिले तर परत जाऊन देणारा माणूस. त्याला या वयात ही काय अवदसा आठवली? पकडला गेला तर नोकरी जाईल, सासरी मुलीची मान खाली जाईल. नणंदेला आजच कळलं, उद्या आणखी कुणाला कळेल. कुणी येऊन दार वाजवण्याआधी आपणच गेलेलं बरं, असं तिला वाटलं.

सकाळी तिने नेहमीसारखा त्याला डबा भरून दिला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीत उभी राहिली. मग एकसष्ट डबे दोन मोठ्या पिशव्यांत भरले आणि रिक्षा केली. जेवणाच्या सुट्टीतच पोचायचं, म्हणजे तो आत जेवायला बसलेला असेल, हा हिशोब तिने आधीच केला होता.

फाटकाशेजारी कंपनीच्या मालाची विक्रीची खिडकी होती. आत नवऱ्याचे सुपरवायझर कागद चाळत बसले होते. मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीत आग्रहाने वाढलं होतं. त्यांनी तिला ओळखलं, उठून बाहेर आले, खुर्ची दिली. ती बसली नाही. पिशव्या त्यांच्या पायाशी ठेवल्या. वाटेत घोकून आणलेलं सगळं ती विसरली होती.

"साहेब, सगळे परत आणलेत. एकही वापरला नाही. त्यांच्याकडून चूक झाली, पण ते चोर नाहीत हो. पोलिसांत नका देऊ. नोकरी तेवढी राहू द्या."

सुपरवायझरनी पिशवीत पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा पिशवीत.

"वहिनी," शेवटी ते हलक्या आवाजात म्हणाले, "त्यांना कामावरून कमी केलं, त्याला सात महिने झाले. दर शनिवारी या खिडकीवर येतात, रांगेत उभे राहतात आणि हे डबे विकत घेऊन जातात."